तात्यांना सांगायचं राहिलं

सर्जा,

तुझ्याबद्दल चांगलंच बोलायचं, असं ठरवून मी परवा तुझ्या घरी आले होते. आई तर बस येईपर्यंत बजावत होती, "तोंड आवर. तिथं काय बी जुनं काढू नको. पोरगं गेलंय त्यांचं." मी तोंड आवरलं. पण लिहिताना आवरायचं काही कारण नाही. आणि आता तू मध्येच "सोड की वंदे, चल च्या मारू" म्हणून मला उठवूही शकत नाहीस. तेव्हा ऐक. आयुष्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐक.

लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलत होते. फोटोग्राफर मंडळी सगळी आली होती, गडहिंग्लज-नेसरीपासून. "लई मोठ्या मनाचा गडी," म्हणत होते. "कधी कुणाला न्हाय म्हटला न्हाय." मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मान हलवत होते, कारण ते खरंच आहे. तू कुणालाच नाही म्हणाला नाहीस. तुझी सगळी भानगड तीच तर होती. जो समोर असेल त्याला हो. माझ्यासमोर मला हो आणि तात्यांसमोर तात्यांना हो. दोन्ही हो एकमेकांना कापत असले तरी तुझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे.

मी तुझ्यावर रागावलेली आहे. तू गेलास म्हणून रडतेही आहे. दोन्ही एकाच वेळी चाललंय आणि त्यातलं कुठलं खरं असं मला कुणी विचारू नये.

आठवतं का, राजारामपुरीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सगळी पोरं टायपिंग शिकायला येत आणि आपण दोघंच त्या डब्याच्या आत काय आहे ते बघायला धडपडत होतो. सरांनी एकदा बंद पडलेलं मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ज्याला उघडायचंय त्यानं उघडा. तू स्क्रू काढलेस, मी आतलं काढलं. त्या दिवसापासून तीच वाटणी. स्क्रू आणि गिऱ्हाईक तुझं, आतलं माझं. मी गडमुडशिंगीहून सिटी बसनं यायची, तू मंगळवार पेठेतून सायकलवर. वर्गात मुली चारच होत्या आणि पोरं माझ्याशी बोलताना आडनावापाशी जरा अडखळायची. तू अडखळला नाहीस. पहिल्याच दिवशी म्हणालास, "नाव काय? वंदना? मग वंदे म्हणणार मी." मला ते आवडलं होतं. अजून आवडतं, हे तुला सांगून ठेवते.

मग आपण लॅब काढली. लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायची लॅब. फोटोग्राफर शूटिंग आणून द्यायचे. आपण ते मशीनमध्ये घ्यायचं, नको ते कापायचं, वर नावं फिरवायची, नवरा-नवरीभोवती बदाम उडवायचे, पाठवणीला सनई लावायची आणि सीडी करून द्यायची. जिल्ह्यातल्या किती बायका आपल्या खुर्चीसमोर रडल्या असतील, मोजदाद नाही. तुझ्या लग्नाची सीडीही मीच केली. सुरेखा गगनबावड्याची, लग्न तिकडेच, आणि पावसानं मांडव असा काही धुतला होता की अक्षतांच्या शॉटमध्ये सगळं वऱ्हाड छत्र्यांखाली उभं. तू म्हणालास, "छत्र्या कापता येत्यात का बघ." मी म्हणाले, "छत्र्या कापल्या तर माणसंच उरत न्हाईत." ती सीडी सुरेखा अजून लावते म्हणे.

लॅब "आपली" होती. निदान मी तसं समजत होते. गाळा मात्र तात्यांचा होता. तात्या म्हणजे तुझे थोरले चुलते. तुझे वडील लवकर गेले आणि तात्यांनी तुला वाढवलं, शिकवलं, उभं केलं, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला ते पाठ आहे. रोज सकाळी तात्या दुकानाच्या दारातल्या खुर्चीवर येऊन बसत, पेपर वाचत, येणाऱ्या-जाणाऱ्या पावण्यांची विचारपूस करत; माझ्या हातचं पाणी मात्र कधी घेत नसत. एकदा त्यांच्या ओळखीच्या कुणी तरी माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?" मी आतून ऐकत होते. तात्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "ती व्हय? कामाला हाय आमच्याकडं."

मी संध्याकाळी तुला त्याबद्दल विचारलं. तू हसलास. "अगं, तात्यांना पार्टनर-बिर्टनर कळत न्हाय." तात्यांना दुधाच्या सोसायटीचं राजकारण कळत होतं, कोर्टाची तारीख कळत होती. पार्टनर तेवढं कळत नव्हतं.

आणि तरीही तू वाईट माणूस नव्हतास, हीच तर माझी अडचण आहे. वाईट असतास तर मी केव्हाच तुझं नाव टाकलं असतं. माझे वडील आजारी पडले तेव्हा सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू माझ्या भावाच्या बरोबरीनं बसलास. आमच्या घरी येऊन खाली मांडी घालून भाकरी खाल्लीस, वर आईला म्हणालास, "मावशी, खर्डा आमच्या घरात असा हुईत न्हाय." चौदा एप्रिलला आमच्या गल्लीची मिरवणूक तू स्वतः शूट केलीस, गुलालात न्हाऊन. "आमच्यात जातपात न्हाय," हे तू छातीवर हात ठेवून सांगायचास आणि तुला ते खरंच वाटायचं. आमच्या घरात नव्हती तुझ्यात जातपात. रस्त्यात नव्हती. चहाच्या गाड्यावर नव्हती. तात्यांच्या खुर्चीपासून चार हातांत आलास की काय व्हायचं तुला, कोण जाणे.

आता त्या दसऱ्याकडे येते. तुला वाटलंच असेल.

दिवाळीनंतर लग्नं सुरू होणार होती आणि आपल्याला नवं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. जुन्यावर एकच मॉनिटर चालायचा. नव्याला दोन मॉनिटर जोडता येत होते, म्हणजे एकीकडे काम आणि दुसरीकडे चित्र. तू महिनाभर त्याची जाहिरात करत होतास जणू सोन्याचा दागिनाच येणार आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड येणार म्हणून मी सकाळीच मशीन उघडलं, जुनं कार्ड काढलं, आतली धूळ झटकली. पण कार्ड आलं तेव्हा माझी शेवटची बस निघायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला मी येत नसे. आमचा तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात बुद्धवंदना, मग गावात कार्यक्रम. म्हणून मी उघड्या मशीनवर धुतलेलं फडकं घातलं आणि तुला सांगितलं, "परवा येऊन मी बसवते. तवर आत हात घालू नको."

"व्हय व्हय," तू म्हणालास. माझ्यासमोर, म्हणजे अर्थातच हो.

दसऱ्याला तात्यांनी मुहूर्त काढला. नवी वस्तू दसऱ्याला सुरू करायची नाही तर केव्हा करायची? तू फडकं काढलंस. उघड्या मशीनला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, आपट्याचं पान ठेवलं गेलं. तात्यांनी स्वतःच्या हातानं मूठभर अक्षता टाकल्या, वरून, देवाच्या मूर्तीवर टाकाव्यात तशा. मग तू कार्ड घेतलंस आणि दाबून बसवलंस. मशीन चालू केलंस. स्क्रीन काळी.

हे सगळं मला नंतर कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा दुकानात तू होतास, दारात तात्या होते आणि कार्डवाल्यानं पाठवलेला इंजिनियर मशीनवर वाकला होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, आतून एक लांब शिट्टी यायची, तिच्यामागून आखूड शिट्ट्या, आणि दोन्ही मॉनिटर काळेच. त्यानं नवं कार्ड काढून जुनं लावलं. जुनंही काळं. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ज्या कार्डावर मी लग्न कापलं होतं, ते.

"बोर्ड गेलं," इंजिनियर म्हणाला.

"आपोआप कसं जाईल?" तू विचारलंस.

"हाताळताना जातंय. माणसाच्या अंगात स्टॅटिक असतंय. चार्ज. नुसता हात लागला तरी बोर्ड उडतंय."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हंजे हातातनं वीज जाती म्हणा की."

"व्हय. काही जणांच्या अंगात जास्त असती."

"मग हे आधी कुणी उघडल्यालं?"

इंजिनियरनं तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस. तात्यांनी ते बघितलं.

"असतंय," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. पावसाबद्दल बोलावं तसं बोलले. "काही काही हातांचं असतंय तसं. जुनी माणसं उगंच पाळत न्हवती. आता ह्यांच्या सायन्सनं बी तेच सांगितलं बघ."

सर्जा, मी तुझ्याकडे बघत राहिले. स्टॅटिक म्हणजे काय हे तुला माहीत होतं. एकाच बाकावर बसून शिकलो होतो आपण. स्टॅटिक पायातल्या चपलेवर असतं, हवेतल्या कोरडेपणावर असतं, अंगातल्या टेरिकॉटवर असतं. ते जन्मावर नसतं. मशीनला हात लावण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात टेकवायचा, मग अंगातला चार्ज निघून जातो, हे सरांनी सांगितलं होतं आणि मी ते एकदाही विसरले नव्हते. तूच मला त्यावरून चिडवायचास, "मशीनच्या पाया पडतीयास काय गं?" म्हणून. तुला फक्त एवढंच बोलायचं होतं, "तात्या, तसं न्हाय ते." बास. चार शब्द.

तू नव्या कार्डाचा रिकामा खोका उचललास आणि त्याच्यावरचं इंग्रजी वाचायला लागलास.

मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला शिसारी आली. तात्यांची नाही, तात्यांकडून मी दुसरं काही अपेक्षिलंच नव्हतं. मला तुझी शिसारी आली आणि आज तू नसतानाही मी ते मागे घेत नाही.

तात्या जेवायला घरी गेले. इंजिनियर नव्या बोर्डाचा भाव सांगून गेला. तू म्हणालास, "काय करायचं गं आता?" जणू काही झालंच नव्हतं. मी पत्र्याला हात टेकवला आणि कामाला लागले. कारण मला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. मेलेलं बोर्ड शिट्टी वाजवत नाही. जे तक्रार करतंय ते जिवंत असतं. मी रॅम काढून मशीन चालू केलं, शिट्टीची तऱ्हा बदलली. म्हणजे बोर्डाला कळत होतं काय आहे आणि काय नाही. बोर्ड शाबूत होतं. दोन्ही कार्डं एकदम जाणार नाहीत. मग उरली ती कार्ड बसायची खाच.

जुनं कार्ड पुन्हा बसवलं आणि बाजूनं डोळा लावून बघितलं. एका टोकाला कार्ड नखभर वर राहत होतं. तिथं बोट ठेवून दाबलं तर आत जाईना. विजेरी मारली तर खाचेच्या तळाशी काहीतरी लालसर. मी सगळे स्क्रू काढले, बोर्ड बाहेर घेतलं, उपडं धरलं आणि मागून टिचक्या मारल्या. टेबलावर एक अक्षत पडली. कुंकवात भिजलेला, अख्खा तांदळाचा दाणा. आणि त्याच्यामागून एक चेंगरलेला, तू दाबून कार्ड बसवलंस तेव्हा चेंगरलेला.

"आयला," तू म्हणालास.

मग तू हसायला लागलास. टेबल धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मीही हसले. काय करणार, ते होतंच तसं. दोन माणसं, एक उपडं बोर्ड आणि एक तांदूळ. मी खाच ब्रशनं साफ केली, नवं कार्ड टक्क आवाज येईपर्यंत बसवलं, आणि दोन्ही स्क्रीन उजळल्या. डावीकडे काम आणि उजवीकडे कुठल्याशा मांडवातली नवरी, नाकातल्या नथीसकट. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "वंदे, तू हाईस म्हणून हाय हे सगळं." तेवढा वेळ मी तुला माफही केलं होतं. कारण मला वाटलं, आता तात्या येतील आणि तू त्यांना सांगशील.

तात्या आले. उजळलेल्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "झालं व्हय सुरू? काय झालतं?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि वाट बघितली.

"काय न्हाय तात्या," तू म्हणालास. "कार्ड जरा सैल बसल्यालं. बसीवलं मी."

"बरं झालं. आता तिला आत हात घालू देऊ नको."

"व्हय," तू म्हणालास.

त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मी तुझ्याशी भांडले ते सगळ्या चौकानं ऐकलं. तुझं म्हणणं साधं होतं. अक्षता तात्यांनी टाकल्या होत्या. मुहूर्त त्यांचा, पूजा त्यांची. "तुमच्या अक्षतांनी मशीन बंद पडलं असं कुठल्या तोंडानं सांगू? म्हातारं माणूस, मनाला लावून घेतील." तात्यांच्या मनाची तुला केवढी काळजी! माझं मन म्हणजे जणू त्या डब्याचा पत्रा. कुणीही हात टेकवावा आणि मोकळं व्हावं.

"मग मीच सांगते," मी म्हणाले.

"तू सांगितलंस तर त्यांना वाटंल स्वतःची चूक झाकायला देवावर घालतीया."

तेवढं मात्र तू बरोबर बोललास. माझ्या तोंडून ते खोटं वाटलं असतं. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं, आणि तुला ते माहीत होतं, म्हणूनच माझा इतका संताप होत होता.

त्यानंतरची वर्षं तुला आठवतात का? तात्या दारात असले की मशीन तू उघडायचास आणि मी मागे उभी राहून सांगायची. डावीकडचा काढ. तो नव्हे, खालचा. हळू. हार्ड डिस्कची पिन तू दोनदा वाकवलीस. तात्या म्हणायचे, "सर्जेरावाला हाताला गुण हाय." तात्या उठून गेले की तू गुपचूप पेचकस माझ्या हातात द्यायचास आणि डोळा मारायचास. तुला ती गंमत वाटायची. आपल्या दोघांचं गुपित, म्हातारबाबाला फसवतोय, असं काहीतरी. मला ती गंमत कधीच वाटली नाही. माझ्याच कामाला मी चोरून हात लावत होते.

दर वर्षी दसरा जवळ आला की मी विचारायची, "यंदा सांगणार?" तू म्हणायचास, "सांगतो की." कधी तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असायचं, कधी घरात लग्न, कधी तात्यांचा भाऊबंदकीचा दावा. शेवटी मला इंजिनियरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली आणि मी लॅब सोडली. तू मला निरोपाला नारळ दिलास, पेढे दिलेस. तुझे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, "पेढे नकोत. एवढं एक वाक्य दे." तू पेढ्याचा खोका माझ्या पिशवीत कोंबलास.

तरी तुझे फोन यायचेच. काही अडलं की वंदी. शेवटचा फोन मागच्या महिन्यात आला होता, नव्या मशीनला नवं कार्ड घातल्यावर. "वंदे, स्क्रीन काळी!" मी विचारलं, "मॉनिटरची वायर कुठं लावलीयास?" तू म्हणालास, "जिथं आधी हुती तिथं." मी म्हणाले, "अरे शहाण्या, कार्ड नवं घातलंस तर वायर कार्डाच्या मागं नको का लावायला?" पलीकडे खुडबुड झाली आणि मग तुझं ते हसणं. तू म्हणालास, "तुझ्याबिगर माझं काय खरं न्हाय बघ." मी म्हणाले, "आणि ते तात्यांचं?" तू म्हणालास, "तात्यांची तब्येत जरा नरम हाय गं. बरे झाले की सांगतो. तुझी शप्पथ."

तात्या बरे झाले, सर्जा. ठणठणीत आहेत. तूच गेलास. रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही, याला काय म्हणायचं? मला सकाळी फोन आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं, सांगू? मनात आलं, सुटला. पुन्हा एकदा न सांगता सुटला. आणि मग कॉलेजच्या जिन्यात बसून मी इतकी रडले की शिपायानं पाणी आणून दिलं.

परवा, रक्षाविसर्जनाच्या दिवशी, मी तुझ्या घरी आले. बायका आतल्या खोलीत होत्या. मी सुरेखाजवळ बसले. तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आपलं आपणच बोलायला लागली. तू काय खायचास, काय बोलायचास. बोलता बोलता म्हणाली, "दर दसऱ्याला पूजेचं ताट दिलं की अक्षता बाजूला काढून ठेवायचे. म्हणायचे, नुसतं फूल दे. तांदूळ खाचंत बसतोय. एकदा बसलाता, वंदीनं काढला. आणि मग ती सगळी गोष्ट सांगायचे, तात्यांच्या मुठीपासनं. हसून हसून सांगायचे. आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ हाय."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे तू सांगत होतास. बायकोला सांगितलंस, मेहुण्यांना सांगितलंस, दर दसऱ्याला सांगितलंस, माझं नाव घेऊन, माझं कौतुक करून. अख्ख्या घराला माहीत होतं की दोष माझ्या हाताचा नव्हता. ज्या एका माणसाला ते सांगायचं होतं, तो उठून जाईपर्यंत थांबायचं आणि मग सांगायचं. मी इतकी वर्षं समजत होते की त्यात माझं काय गेलं ते तुला कळलंच नाही. तुला सगळं कळलं होतं. हे जास्त वाईट आहे, सर्जा. मला नसतं कळलं तर बरं झालं असतं.

"तात्यांना माहीत हाय?" मी विचारलं.

सुरेखानं नाही म्हणून मान हलवली. "त्यांच्यासमोर न्हाई बोलायचे."

थोड्या वेळानं आम्ही बाहेर सोप्यात, ओसरीवर, आलो. तात्या लोडाला टेकून बसले होते. वाळले आहेत, पण आवाज तोच. मला बघून ओळखलं. "ये पोरी. बस." आणि शेजारी बसलेल्या कुणा पावण्याला माझी ओळख करून दिली. "ही आमच्या सर्जेरावाकडं कामाला हुती. पोरगी हुशार. पण हाताला वीज लई. एकदा सगळं मशीन उडीवलंन हिनं, सर्जानं परत सुरू केलं."

आईला शब्द दिला होता. घरात मढं उठून तीन दिवस झालेले, तिथं मी काय बोलणार?

सुरेखा बोलली. दारात उभ्या उभ्या, डोक्यावरचा पदर सावरत, अगदी सरळ आवाजात. "तात्या, तिच्या हातानं न्हवतं उडालं ते. तुमच्या मुठीतल्या अक्षता आत पडल्याल्या. हिनं काढल्या, म्हणून सुरू झालं. ते मला दर वर्षी सांगायचे."

झालं. एवढंच. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चहा ओतायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नाही. छत कोसळलं नाही. तात्या चिडले नाहीत, पडले नाहीत, त्यांना झटका आला नाही. नुसते सुरेखाकडे बघत राहिले.

"माझ्या?" ते म्हणाले.

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलं त्यानं?" त्यांनी सुरेखाला विचारलं, मग वळून मला विचारलं. "आँ? पोरी? मी काय त्याला खाल्लं असतं?"

आणि तात्या रडायला लागले. तुला नेलं तेव्हाही ते रडले नव्हते म्हणे. आता तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. "मला भ्यायचा व्हय रं तू? मला?" सोप्यातले सगळे त्यांना सावरायला धावले. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पंख्याचं बटण दाबलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांनी खरं बाहेर आलं आणि तेही तुमच्या दोघांचंच झालं. तुझ्या भीतीचं आणि त्यांच्या दुःखाचं. मला कुणी एक शब्द म्हणालं नाही. तात्याही म्हणाले नाहीत.

गडबडीत कुणीतरी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, तात्यांना द्या म्हणून. मी पुढे झाले आणि तांब्या धरला. तात्यांनी डोळे पुसले. माझ्या हाताकडे बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि पाणी प्यायले, सगळं.

तू असताना झालं असतं रे हे. तू हवा होतास तिथं.